साकीनाक्याची गाडी आणि गावचे डिझेल
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर बोलणे झाले. आता थोडा वेळ डिझेलवर बोलू. डिझेल म्हटले की आपण किमतीवर बोलतो, आणि बोललेच पाहिजे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला. जून २०१७ पासून तो रोज बदलण्याची पद्धत आली. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात शेतीच्या पायाभूत सुविधांच्या नावाने डिझेलवर लिटरमागे ४ रुपयांचा अधिभार बसवला. दुसरे कर त्याच वेळी उतरवले म्हणून पंपावरचा आकडा हलला नाही. पण शेतीच्या नावाचा अधिभार शेतकऱ्याच्याच टाकीतून वसूल होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

ती लढाई वेगळी आहे. आजचा मुद्दा दुसरा आहे. लिटरला किती रुपये, हे आपल्या हातात नाही. एकराला किती लिटर आणि क्विंटलला किती लिटर, हे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाचा भरवसा नाही, भावाचा भरवसा नाही. निदान टाकीतून जे जळते त्याचा तरी हिशेब आपल्याकडे असावा.

विषय निघाला तो असा. या हंगामाआधी काही गावांच्या गटांनी आम्हाला विचारले, "आपली पोरे मुंबईला साकीनाक्यात टेम्पो आणि ट्रक चालवतात. तिथे जुनी गाडी स्वस्तात मिळते असे ती सांगतात. गटाने एक गाडी घ्यावी आणि ज्वारी, कडबा, कापूस आपला आपण वाहावा काय?" प्रश्न चांगला आहे. दुसऱ्याच्या गाडीवर माल असला की भाडे तो सांगेल ते, आणि वेळ तो देईल ती. पण गाडी घेताना आपण काय पाहतो? रंग पाहतो, टायर पाहतो, किमतीत घासाघीस करतो. मागच्या हाऊसिंगमध्ये काय आहे, हे कोणी विचारत नाही. गाडीची किंमत एकदाच द्यायची असते. हाऊसिंगची किंमत पुढे दहा वर्षे पंपावर देत बसावे लागते.

साकीनाक्यावर डिझेल कुठे जाते

आमच्यातले तिघे जण साकीनाक्याला जाऊन दोन दिवस राहिले. ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता जिथे मिळतात तो हा नाका. आजूबाजूला खैरानी रोडचे छोटे कारखाने, गोदामे, भंगारवाले, वेल्डिंगची दुकाने. जून २०१४ पासून डोक्यावरून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावते. खाली मात्र टेम्पो, रिक्षा, बस आणि ट्रक एकमेकांच्या शेपटीला नाक लावून उभे. हात-दोन हात पुढे सरकायचे, पुन्हा थांबायचे.

ही गाडी डिझेल कुठे खाते? पहिले, उभ्या उभ्या. मोठ्या ट्रकचे इंजिन नुसते चालू राहिले तरी तासाला दीड-दोन लिटर जाते आणि गाडी एक फूटही हलत नाही. २०१७ च्या जुलैत जकात गेली. त्याआधी मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत, तेव्हा हे डिझेल कोणाच्या हिशेबात धरले जात होते? भाड्यात, म्हणजे शेवटी मालवाल्याच्या.

दुसरे, ब्रेकमध्ये. १६ टनांची भरलेली गाडी शून्यावरून ताशी ४० किलोमीटरवर न्यायची, तर तेवढी ताकद तिच्यात भरावी लागते. समोर सिग्नल लागला, ब्रेक दाबला, की ती सगळी ताकद लायनर तापवून हवेत जाते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच चाकाच्या कामी येतो. तो धरून हिशेब केला, तर अशा एका थांब्याला सुमारे ८० मिलिलिटर डिझेल लागते. साकीनाक्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक थांब्याला एक कटिंग चहा. बारा थांबे म्हणजे एक लिटर.

आमच्या भागातला एक पोरगा तिथे गाडी चालवतो. आम्ही एका गाडीचे किलोमीटर कमी पाहून खूश झालो, तर तो म्हणाला, "किलोमीटर कमी आहेत, पण इंजिन थांबलंय कुठं?" हे वाक्य वहीत लिहून ठेवा. शहरातली गाडी किलोमीटरने तरुण आणि तासांनी म्हातारी असते. क्लच झिजलेला, ब्रेकचे ड्रम झिजलेले, नोझल काजळलेले. मीटरवरचा आकडा पाहून किंमत ठरवू नका. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचे प्रेशर पाहा, चढावर भरलेली गाडी चालवून पाहा, धुराचा रंग पाहा.

हाऊसिंगमधले दात

आता मागच्या हाऊसिंगकडे येऊ. सायकल सगळ्यांना माहीत आहे. पुढचे चक्र मोठे आणि मागचे लहान असले की एका पायडलला सायकल लांब जाते, पण चढावर दम लागतो. ट्रकच्या मागच्या हाऊसिंगमध्ये तसेच दोन दातेरी भाग असतात. इंजिनाकडून फिरत येणारा लहान तो पिनियन, चाकांना फिरवणारा मोठा तो क्राउन. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ६ दात असतील तर शाफ्टचे ६.८३ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. पिनियनला ७ दात असतील तर ५.८६ फेऱ्यांत काम होते. फरक एका दाताचा.

त्याचा परिणाम पाहा. समजा ट्रकचे चाक एका फेऱ्यात ३.२ मीटर चालते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ३१२ फेरे. टॉप गिअरमध्ये शाफ्ट आणि इंजिन सारखेच फिरते असे धरू. मग ६ दातांच्या पिनियनवर इंजिन मिनिटाला २,१३० च्या आसपास फिरेल आणि ७ दातांवर १,८३० च्या आसपास. रस्ता तोच, माल तोच, वेग तोच. इंजिनाचे फेरे मात्र मिनिटाला तीनशेने कमी.

आता इथे फसू नका. फेरे चौदा टक्के कमी झाले म्हणून डिझेल चौदा टक्के कमी लागेल, असे नाही. गाडी ओढायला जेवढी ताकद लागते तेवढी दोन्हीकडे लागणारच. वाचते ते इंजिनाचे स्वतःचे खाणे. पिस्टन घासतात, पंप फिरतात, पंखा फिरतो. जेवढे फेरे जास्त तेवढे हे खाणे जास्त. बैलाचेच पाहा. ओझे तेच असले तरी भरभर तोकडी पावले टाकणारा बैल लांब ढांगा टाकणाऱ्यापेक्षा लवकर थकतो. म्हणून बचत होते, पण ती शंभर लिटरमागे थोड्या लिटरांची.

दुसरी बाजूही आहे. लांब ढांगेची गाडी चिखलातून, वावराच्या बांधावरून, घाटातून निघताना कुथते. क्लच अर्धा दाबून उचलावी लागते, वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो. कसारा घाटाला जी गाडी टॉपमध्ये टिकत नाही, तिची टॉपमधली बचत तिथेच संपते.

म्हणून आधी काम ठरवा, मग दात मोजा. वावर ते गाव, गाव ते जिन किंवा मोंढा, वीस-तीस किलोमीटर, वेग चाळीसचा, असे काम असेल तर ६.८३ ची गाडी वाईट नाही. ताशी ४० ला तिचे इंजिन १,४०० च्या आसपास फिरते, ते ठीकच आहे. लांबच्या बाजारपेठेपर्यंत सडकेने माल न्यायचा असेल तर ५.८६ ची गाडी बघा. घेतल्यावर बदलू म्हणाल तर हिशेब करा. लिटरला ४ किलोमीटर चालणारी गाडी सडकेवर वर्षाला ३,००० किलोमीटर चालली तर ७५० लिटर जळतील. शंभराला पाच लिटर वाचले असे समजा, तर साडेसदतीस लिटर होतात. लिटर ९० रुपये धरले तर वर्षाला ३,४०० रुपयांच्या आत. क्राउन-पिनियनचा संच, बेअरिंग आणि मजुरी याला किती लागतील ते मिस्त्रीला विचारा, भागा, आणि किती वर्षांत फिटते ते गटात वाचून दाखवा. हीच गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालणार असेल तर उत्तर दहापट वेगळे येते.

दात मोजायला हाऊसिंग उघडावे लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल ठेवा. मागचे एकच बाजूचे चाक जॅकने उचलून खाली भक्कम ठोकळे द्या, दुसऱ्या बाजूचे जमिनीवरच राहू द्या. शाफ्टवर आणि चाकावर खडूची खूण करा. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोन का, तर एक बाजू थांबलेली असताना डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवते. शाफ्टचे सातला थोडे कमी फेरे आले तर ६.८३, सहाला थोडे कमी आले तर ५.८६. गाडीखाली कोणी शिरायचे नाही, बाजूने बघायचे.

मीटर आणि ॲव्हरेज

जुन्या गाड्यांत किलोमीटरचा मीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालतो. तो चाकाचे फेरे मोजत नाही, शाफ्टचे मोजतो. मग ५.८६ साठी बसवलेल्या मीटरच्या गाडीत कोणी ६.८३ चा संच टाकला, तर १०० किलोमीटर चालून मीटर ११६ दाखवेल. विकणारा छातीठोकपणे सांगेल, "ॲव्हरेज बघा!" त्याच्या मनात पाप नसेलही, पण तुमच्या खिशाला त्याचे काय? उलट संच टाकला तर चांगली गाडीही मीटरवर वाईट दिसते.

म्हणून मीटरवर विश्वास न ठेवता रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर ठेवा. एकाच पंपावर, एकाच जागी गाडी उभी करून टाकी काठोकाठ भरा. माल भरून दगड मोजत शंभर किलोमीटर जाऊन या आणि त्याच जागी पुन्हा काठोकाठ भरा. जेवढे मावले तेवढे जळले.

आणि नुसते किलोमीटर पाहू नका. समजा पिकअप लिटरला १२ किलोमीटर जाते आणि दीड टन नेते, तर लिटरमागे १८ टन-किलोमीटर काम झाले. ट्रक लिटरला साडेचारच जातो पण दहा टन नेतो, म्हणजे ४५. भरलेल्या ज्वारीसाठी ट्रक स्वस्त. पण तोच ट्रक अर्धा रिकामा गेला आणि परत येताना पूर्ण रिकामा आला, तर सगळा फायदा गेला. आपल्याला क्विंटलमागे डिझेल हवे आहे. कापसाचे तर आणखी वेगळे. कापसातला साधारण तिसरा हिस्साच रुई, बाकी सरकी. लांबवर कापूस नेणे म्हणजे सरकीला प्रवास घडवणे. जवळच्या जिनवर पिंजून घेता येत असेल तर तो हिशेब आधी करा.

वारा, वजन आणि टायर

ट्रकला दोन गोष्टी मागे ओढतात. पहिली, टायरची ओढ. चांगल्या डांबरी रस्त्यावर टनामागे आठ-दहा किलोची. मऊ काळ्या मातीत तीच टनामागे शंभर किलोच्या पुढे जाते. म्हणून गाडी नांगरलेल्या वावरात नेण्यापेक्षा माल बैलगाडीने धुऱ्यापर्यंत आणणे पुष्कळदा स्वस्त पडते. टायरमध्ये हवा कमी असली तर सडकेवरही ही ओढ वाढते आणि टायर तापून फुटतो. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा मोजा.

दुसरी, वाऱ्याची ओढ. ती वेगाच्या वर्गाने वाढते. साध्या ट्रकला ताशी ६० ला वारा सुमारे १०० किलोने मागे ढकलतो, ८० ला १८० किलोने. आता कडब्याची गाडी डोळ्यांसमोर आणा. केबिनच्या वर आणखी एक मजला, दोन्ही बाजूंना बाहेर लोंबणाऱ्या पेंढ्या. वजन थोडे, पण वाऱ्याला ती भिंतच. अशी गाडी साठीच्या वर नेणे म्हणजे कडब्याच्या भावात डिझेल चारणे. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. रस्ता मोकळा दिसला की पाय दाबला जातो. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकचे डिझेल वाचते, ते वाऱ्याला देऊन टाकू नका.

वजनाचे एकच सांगतो. २०१८ मध्ये केंद्राने आसाचे वजन वाढवून दिले. चार टायरच्या मागच्या एका आसाला १०.२ ऐवजी ११.५ टन. पण जुन्या गाडीची नोंद तिच्या पुस्तकात जी आहे तीच. जास्त भरून क्विंटलमागे डिझेल थोडे वाचेल, आणि टायर, पाटे, दंड, आणि एखाद्या दिवशी ड्रायव्हरचा जीव यांत दामदुप्पट जाईल.

घाट उतरताना न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे, ही खोड मोडा. गिअरमध्ये गाडी उतरत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. इंजिनाला चाकेच फिरवतात. म्हणजे न्यूट्रलने काही वाचत नाही, ब्रेक मात्र जातात.

आपला ट्रॅक्टर

गटाने ट्रक घेतला नाही तरी ट्रॅक्टर प्रत्येकाच्या वावरात येतो, स्वतःचा नाहीतर भाड्याचा. योगायोग असा की मुंबईच्या ज्या उपनगरांत साकीनाका आहे, त्यांतल्याच कांदिवलीत १९६० च्या दशकात महिंद्राच्या कंपनीचे ट्रॅक्टर बनू लागले. ट्रॅक्टरचे गणित ट्रकपेक्षा फार वेगळे आहे. नांगरटीला इंजिनाचे शंभरेक फेरे होतात तेव्हा मोठ्या चाकाचा एक होतो. त्यातले दात आपण बदलू शकत नाही, बदलूही नयेत. पण गिअर निवडणे आपल्या हातात आहे.

हलक्या कामाला, म्हणजे पेरणी, वखरपाळी, रिकामी ट्रॉली, एक सूत्र ठेवा: गिअर वरचा, रेस कमी. वेग तोच राहतो, फेरे कमी होतात. इंजिन कुथते आहे काय, याची परीक्षा सोपी. चालता चालता थोडी रेस द्या. इंजिनाने लगेच उचल घेतली तर ठीक. काळा धूर सोडून तिथेच राहिले तर एक गिअर खाली या. हे सूत्र खोल नांगरटीला नाही, आणि मळणी यंत्राला तर नाहीच. त्याच्या शाफ्टला ५४० फेरे लागतात म्हणजे लागतात.

ट्रॅक्टरची खरी चोरी चाक घसरण्यात होते. ती मोजा. चाकावर चुन्याची खूण करा. अवजार वर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर गेले ते पावलांनी नको, टेपने मोजा. समजा ४० मीटर. मग अवजार जमिनीत घालून दहा फेरे मोजा. ३४ मीटर आले तर घसरण १५ टक्के, एवढी चालते. ३० मीटर आले तर २५ टक्के, म्हणजे चार फेऱ्यांतला एक फुकट. मग मागच्या चाकाला वजन वाढवा किंवा टायरमध्ये पाणी भरा, टायरची नक्षी पाहा, नांगराची खोली कमी करा. उलट घसरण अगदीच नसेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, तो स्वतःलाच ओढतो आणि माती दाबतो. शेतात मागच्या टायरला साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते, ट्रॉलीसाठी सडकेवर जास्त लागते. आपल्या ट्रॅक्टरचे पुस्तक पाहा.

भाड्याचा ट्रॅक्टर तासावर ठरवला तर घसरणीचे पैसे तुमचे, एकरावर ठरवला तर त्याचे. ठरवताना हे विसरू नका.

गोळ्या, चुंबके आणि युरिया

बाजारात टाकीत टाकायच्या गोळ्या मिळतात, डिझेलच्या नळीला बांधायची चुंबके मिळतात. त्यांनी ॲव्हरेज वाढत नाही. तुंबलेला एअर फिल्टर साफ करा, नोझल तपासून घ्या, चिकटलेले ब्रेक मोकळे करा. पैसे तिथे घाला.

एक धोका मात्र कानात सांगण्यासारखा नाही, मोठ्याने सांगतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकांपैकी बऱ्याच गाड्यांना डिझेलसोबत युरियाचे शुद्ध द्रावण वेगळ्या टाकीत लागते. कोणीतरी सांगतो, घरचा युरिया पाण्यात कालवून टाका. करू नका. २०१५ पासून शेतीचा युरिया निंबोळी तेल लावलेला असतो आणि त्यात इतर अशुद्धीही असतात. धुराच्या नळीतली महागडी यंत्रणा त्याने कायमची बाद होते. शिवाय अनुदानाचा युरिया असा वापरणे गुन्हा आहे.

गटांनी काय करावे

पाच कामे. गाडी घेण्याआधी वर्षभराचे काम कागदावर मांडा: किती क्विंटल, किती अंतर, कोणता रस्ता, परतीला काय. गाडीचे दात खडूने मोजा. दगडांवरून ॲव्हरेज काढा, भरून आणि रिकामी, दोन्ही. ट्रॅक्टरवाल्यांनी पुढच्या पाळीला घसरण मोजा. आणि प्रत्येक गावाने एक वही ठेवा: तारीख, काम, एकर किंवा क्विंटल, लिटर. ड्रायव्हर पोराला ही वही लिहायला शिकवा आणि वाचलेल्या डिझेलात त्याचा वाटा ठेवा. पाय त्याचा असतो.

साकीनाक्याच्या गाड्यांबद्दल आमचे मत विचाराल तर असे: जवळच्या वाहतुकीला, तपासून, कमी किमतीत मिळाली तर घ्या. काम वर्षात दोनच महिने असेल तर घेऊ नका, तीन गावांनी मिळून भाडे ठरवा. कर्ज काढून गाडी दारात उभी ठेवण्याइतके डिझेल कोणत्याही दातांनी वाचत नाही.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. डिझेलच्या किमतीवर सरकारशी बोलायचे तेव्हा प्रत्येक गावाचा एकरी आकडा आपल्या हातात पाहिजे. "परवडत नाही" एवढे म्हटल्याने कोणी ऐकत नाही. अमुक कामाला इतके लिटर, इतके रुपये, आणि ज्वारीच्या भावात ते निघत नाहीत, असे वहीवर बोट ठेवून सांगितले तर उत्तर द्यावे लागते.